चार वाजताची साखर

"आ करा."

बाळगोंडा चौगुल्यांनी आ केला. मी टॉर्च पेटवून आत डोकावले. वर पाच दात, खाली तीन. कवळी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलेली होती. जीभ कोरडी होती, तिच्यावर पांढरा थर. मी लाकडी पट्टीने जीभ दाबली, हातमोजा घातलेले बोट दोन्ही गालांच्या आतून फिरवले.

"जीभ वर करा."

त्यांनी जीभ वर केली. तिथेही काही नव्हते.

"शिस्टर," मी पट्टी काढल्यावर ते म्हणाले, "काय हुडकताय ते सांगितलं तर मी बी मदत करीन."

"साखर," मी म्हणाले. "तीनशे बेचाळीस आली आहे. तोंडानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही म्हणून तुम्हाला बजावलंय. मग ही साखर आली कुठून?"

खाटेच्या पलीकडे त्यांची बायको, पद्माक्का, पदर ओढून उभी होती. तिच्या पिशवीतून काढलेला स्टीलचा डबा माझ्या डाव्या हातात होता. मी झाकण उघडले. आत काठोकाठ बेदाणे होते, हिरवट पिवळे, टपोरे.

"हे काय आहे, आक्का?"

"बेदाणं. आमच्या बागंचं."

"ते मलाही दिसतंय. इथं कशाला आणले?"

"तुमच्यासाठनं. तुमास्नी आन् बाकीच्या शिस्टरांस्नी." तिने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "परवापासनं आणतीया. द्यायला धीर होईना. तुम्ही सारख्या रागातच असताय."

मी हसले. वॉर्डात मी सहसा हसत नसे, त्यामुळे दाराशी उभी असलेली आया दचकली.

"उद्यापासून तुम्ही खोलीत यायचं नाही," मी म्हणाले. "सकाळी नाही आणि दुपारीही नाही. मुलाला निरोप द्या."

ही गोष्ट मिरजेतल्या एका खाजगी इस्पितळातली, सत्त्याण्णव सालची. मी तिथे वॉर्ड सिस्टर होते. सलोमी आवळे. नावाप्रमाणेच आवळते, असे मुली माझ्यामागे म्हणत आणि ते मला माहीत होते. खरे सांगायचे तर आवडतही होते. माझ्या वॉर्डात चादरीला सुरकुती नसे, औषधाला पाच मिनिटे उशीर होत नसे आणि तक्त्यावर खाडाखोड नसे. नव्या मुलींना माझे तक्ते नमुना म्हणून दाखवत.

बाळगोंडा चौगुले मिरजेच्या पूर्व भागातले द्राक्षबागायतदार. वय चौऱ्याहत्तर. आतड्याला पीळ पडला म्हणून ऑपरेशन झाले, पण आतला जोड गळू लागला. तो भरेपर्यंत, म्हणजे कमीत कमी तीन आठवडे, पोटात काहीही जाऊ द्यायचे नव्हते. मग जेवण शिरेतून. गळ्याच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली, आणि दिवसाला तीन बाटल्या. त्यात साखर, प्रथिने, चरबी, क्षार, सगळे मोजून घातलेले. आमच्याकडे हा प्रकार तेव्हा नवा होता. नातेवाईक दुरून ती दुधासारखी बाटली बघून हात जोडत.

आमचे फिजिशियन डॉक्टर रेगे यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले होते, "सिस्टर, माणूस म्हातारा आहे. तरुण शरीर ही साखर झेलतं, म्हाताऱ्याला जड जाते. साखर चढली की हृदयावर ताण येतो. चढ-उतार झाले की ठोके बिथरतात. दिवसातून चार वेळा साखर बघा. एकशेऐंशीच्या वर गेली की मला कळवा."

अतिदक्षता विभागात होते तोवर सगळे छान चालले. पाच दिवस साखर दीडशेच्या आसपास. बुधवारी त्यांना माझ्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खोलीत आणले. जंतुसंसर्ग नको म्हणून नातेवाइकांना तिथे सकाळी आठ ते साडेआठ आणि दुपारी तीन ते चार एवढीच मुभा. आणि बुधवारपासूनच दुपारी चार वाजताची साखर चढायला लागली. दोनशे साठ. दोनशे नव्वद. तीनशे दहा. शनिवारी तीनशे बेचाळीस. पहाटेची ठीक, सकाळी दहाची ठीक, रात्रीची ठीक. फक्त चारची वाईट. मी रोज कळवत होते, डॉक्टर थोडे इन्सुलिन सांगत आणि रात्रीपर्यंत साखर उतरत असे. लघवीही दुपारी भरमसाट होऊ लागली होती. चोरून पाणीही पीत असणार, असे मी मनाशी धरले.

दुपारी तीन ते चार खोलीत कोण असते? पद्माक्का. अतिदक्षता विभागात नातेवाइकांना मज्जाव, तिथे साखर नीट. माझ्याकडे आले, बायको आत येऊ लागली, साखर वर. हिशेब इतका सरळ होता की मला आधी का सुचला नाही याचेच नवल वाटले.

म्हातारी तशी गप्प असायची. स्टुलावर बसून ओठ हलवत जैनांचा णमोकार मंत्र म्हणायची आणि बाटलीकडे बघत राहायची. शुक्रवारी एकदा म्हणाली होती, "शिस्टर, दुपारचं ह्ये जरा जोरात चाललंय काय?"

"आक्का," मी म्हणाले होते, "तुम्ही बागेचं बघा. बाटलीचं मी बघते."

रविवारी माझी सुट्टी असे. माझ्या जागी मालन सिस्टर यायची. ढिली बाई. तिच्या हाताखाली वॉर्ड म्हणजे बाजारच.

सोमवारी सकाळी आल्याबरोबर मी कोपऱ्यातल्या खोलीचा तक्ता उघडला. रविवारी चारची साखर एकशे अठ्ठावन्न.

एकशे अठ्ठावन्न! मी तो आकडा दोनदा वाचला. पद्माक्काला बंदी घातली आणि दुसऱ्याच दिवशी साखर खाली. कोर्टातसुद्धा याहून मोठा पुरावा लागत नाही. डॉक्टर रेगे राउंडला आले तेव्हा मी तक्ता त्यांच्यापुढे धरला.

"शाब्बास, सिस्टर," ते म्हणाले. "पकडलंत तुम्ही."

त्याच तक्त्यावर मालनने लिहिले होते की सकाळी आठची बाटली संध्याकाळी पाच वीसला संपली. एक तास वीस मिनिटे उशीर! मी तिला फोनवर खडसावले.

"तक्त्यावर काय लिहिलंय? आठ तासांत एक बाटली. आठला लावली की चारला संपायला पाहिजे. तुझी पाच वीसला कशी संपते?"

"बाई, सकाळी ड्रेसिंगच्या वेळी पेशंटनं मान वळवली की ती आपोआप थांबते," मालन म्हणाली. "मग मागं पडते. मी काय करू?"

"काय करू म्हणजे? बघायचं, चाक फिरवायचं. माझी कधी मागं पडते का?"

"नाही, बाई," ती म्हणाली.

माझी कधीच पडत नसे. सकाळी अंग पुसणे, ड्रेसिंग, कूस बदलणे यात बाटली रोजच मागे पडायची, पण दुपारी दीडला मी उरलेले किती ते बघून नळीवरचे चाक सैल करायचे आणि चारच्या ठोक्याला बाटली रिकामी करून पुढच्या पाळीच्या हातात कोरी बाटली द्यायचे. एक थेंब जास्त नाही, एक थेंब कमी नाही.

त्या सोमवारी त्यांना एक्स-रेसाठी खाली न्यावे लागले. तासभर ड्रीप जवळजवळ बंदच होती. परत आल्यावर बघते तर अर्धीसुद्धा संपलेली नाही. दीड वाजला होता. मी चाक सोडले आणि घड्याळ लावून थेंब मोजले. चारला सहा मिनिटे असताना बाटली संपली. मी स्वतःवर खूश झाले.

चार वाजता बोटातून रक्त घेतले. चारशे अकरा.

मी यंत्र बदलून पुन्हा घेतले. चारशे चार.

"कोण आलं होतं?" मी विचारले.

बाळगोंडा डोळे मिटून पडले होते. छाती भरभर वरखाली होत होती. "कोण न्हाई. सकाळी सुकुमार दारातनं बघून गेला."

सुकुमार म्हणजे त्यांचा थोरला मुलगा, पन्नाशीला आलेला. मी तडक खाली जाऊन त्याला गाठले.

"तुम्ही वडिलांना काय दिलंत?"

"मी?" तो गोंधळला. "मी तर उंबऱ्याच्या आतसुद्धा गेलो नाही."

"मग आईंनी खिडकीतून दिलं असेल."

"सिस्टर, खोली दुसऱ्या मजल्यावर आहे."

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जादा इन्सुलिन सांगितले. मी ते दिले, पुढची बाटली लावली, थेंब मिनिटाला सोळावर आणून ठेवले आणि पाळी दुसरीच्या हाती दिली. नोंदी लिहायला तासभर गेला. चपला घालून फाटकापर्यंत पोचले नसेन तोच वरून हाक आली.

मी धावत खोलीत गेले तेव्हा बाळगोंडांचा चेहरा राखेसारखा झाला होता. नाडीला ताल राहिला नव्हता. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एकदम पाच-सहा. डॉक्टर रेगे जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत आले. पुढच्या वीस मिनिटांत काय झाले ते मी इथे सांगत नाही. ते वाचले एवढे सांगते. स्ट्रेचरवरून त्यांना अतिदक्षता विभागात नेताना त्यांनी माझ्याकडे बघून ओठ हलवले. मला वाटले, कबूल करताहेत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता व्यवस्थापक हुद्दार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. तिथे सुकुमार उभा होता आणि खुर्चीच्या अगदी कडेला पद्माक्का बसली होती. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"वाचून दाखवा, सिस्टर," हुद्दार म्हणाले.

मी वाचले. "मी, पद्मावती बाळगोंडा चौगुले, असे लिहून देते की माझ्या पतीस डॉक्टरांची सक्त मनाई असताना मी त्यांस बेदाणे खाऊ घातले. त्यामुळे त्यांची साखर वाढून प्रकृतीस धोका निर्माण झाला. यात इस्पितळाचा अगर कर्मचाऱ्यांचा कोणताही दोष नाही. पुन्हा असे करणार नाही."

"सही केली तर भेटायला सोडतो," हुद्दार म्हणाले. "नाही तर आमचाही नाइलाज आहे. अतिदक्षता विभाग आहे तो."

"आई, सही कर," सुकुमार भिंतीकडे बघत म्हणाला. "झालं तेवढं बस झालं."

पद्माक्काने पेन घेतले. तिला सही करायला वेळ लागला. पद्मावतीमधला प अर्धा झाल्यावर ती थांबली आणि मला म्हणाली, "आजच सोडतील न्हवं आत?"

"सोडतील," मी म्हणाले.

तिने नाव पुरे केले. खाली साक्षीदाराची जागा होती. तिथे मी सही केली. माझी सही फार सुरेख आहे.

तिला दहा मिनिटे आत सोडले. बाहेर आल्यावर ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. जिंकलेल्या माणसाला जरा दयाळू व्हायला हरकत नसते.

"आक्का, आता कागद झालाय. तुम्हाला कोणी काही करणार नाही. मला फक्त सांगा, सोमवारी कसं दिलंत? कुणाच्या हातून?"

"मी कायबी दिलं न्हाई."

"मग सही कशाला केलीत?"

"त्यास्नी बघायचं हुतं म्हणून." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. "चारशेच्या वर गेली म्हणं साखर. तुम्ही त्या दिशी म्हणालात, साखर आली कुठनं. मला बी त्येच पडलंय. त्येंच्या अंगात जातंया ते एका त्या बाटलीतनंच. दुसरी वाटच न्हाई."

"बाटलीतली साखर मोजलेली असते."

"बाटलीतली मोजलेली असंल. पर थेंब?"

"थेंबही मोजलेले असतात. मिनिटाला सोळा."

"सकाळी असत्यात," ती म्हणाली. "मी बसून बघती न्हवं. घड्याळ मला कळत न्हाई चष्म्याबिगर. मी णमोकार म्हणती. सकाळी एक णमोकार हुईपतूर चार थेंब पडत्यात. दुपारी तिनाला आलं की एका णमोकाराला सात. रोज. मी म्हणलं तुमास्नी, जोरात चाललंय म्हणून. तुम्ही म्हणालात, बागंचं बघा."

मी मनात दुपारी दीडचे ते चाक फिरवून पाहिले.

"बागंचं म्हणशीला तर आमच्यात ठिबक हाय," ती पुढे म्हणाली. तिला मला टोचायचे नव्हते. ती आपले माहितीतले सांगत होती. "येखाद्या दिशी लाइट जाती, पाणी चुकतं. नवा गडी आसला की दुसऱ्या दिशी दुप्पट सोडतुया, मागचं भरून काढाया. आन् मग काय? मणी तडकत्यात. चुकलं ते चुकलं म्हणायचं. फुडं रोजचं तेवढंच सोडायचं. झाडाला कालचं जेवण आज लागत न्हाई, शिस्टर."

मी उठले. वॉर्डात जाऊन तक्ते काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. बुधवार, बाटली संपली चार वाजता. साखर दोनशे साठ. गुरुवार, चार वाजता. दोनशे नव्वद. शुक्रवार, चार. शनिवार, चार. सगळ्या नोंदी माझ्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. रविवार, मालनच्या गिचमिड अक्षरात, पाच वीस. साखर एकशे अठ्ठावन्न. सोमवार, तीन चोपन्न. चारशे अकरा.

अतिदक्षता विभागात नातेवाईक नव्हते हे खरे. पण तिथे आणखीही एक गोष्ट होती. इस्पितळातले दोनच ड्रीपचे पंप, एकाच वेगाने थेंब सोडणारे, तिथे होते. पंपाला चारच्या ठोक्याला काही करून दाखवायचे नसते.

डॉक्टर रेगे आपल्या खोलीत चहा पीत होते. मी तक्ते त्यांच्यापुढे ठेवले आणि उभी राहिले. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग तक्त्यांकडे पाहिले.

"काय झालं?"

"सकाळी मागं पडलेलं मी दुपारी भरून काढत होते," मी म्हणाले. "रोज. अडीच तासांत चार-पाच तासांचं."

त्यांनी कप खाली ठेवला. बोटाने एकेक ओळ बघत गेले. सोमवारच्या ओळीवर बोट थांबले.

"अडीच तासांत एवढी साखर शिरेत," ते हळू म्हणाले. "वर मी फोनवरून जादा इन्सुलिन सांगितलं. आणि तेव्हाच थेंब पुन्हा सोळावर आले. साखर कोसळली, पोटॅशियम कोसळलं. त्या वयाचं हृदय आणखी काय करणार?" मग तक्ते मिटून म्हणाले, "सिस्टर, हे तक्ते मी रोज बघत होतो. मला वाटायचं, किती नीट."

"मी हुद्दार साहेबांना सांगते."

"सांगा," ते म्हणाले. मला अडवले नाही, पण माझ्याबरोबर आलेही नाहीत.

हुद्दारांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग कपाटातून ती फाइल काढली, कागद उघडून माझ्यासमोर फिरवला आणि साक्षीदाराच्या सहीवर पेनचे टोक ठेवले.

"ही कुणाची सही?"

"माझी."

"नातेवाइकानं लेखी कबुली दिली आहे. साक्षीदार तुम्ही. आता साक्षीदारच म्हणतेय की गुन्हा मी केला. असा कागद मी कुठल्या फाइलला लावू?" त्यांनी फाइल मिटली. "पेशंट सुधारतोय ना? मग झालं तर. दमला आहात तुम्ही. दोन दिवस रजा घ्या."

रजा मी घेतली नाही. मला शिक्षाही झाली नाही. डॉक्टरांनी तक्त्यावर सर्वांत वर लाल शाईने एक ओळ छापून घेतली, 'मागे पडलेले भरून काढू नये', आणि वर्ष संपायच्या आत नव्या मुलींना शिरेतून जेवण कसे द्यायचे ते शिकवायचे काम इस्पितळाने माझ्यावर सोपवले. माझ्याइतके काटेकोर कोणी नाही, असे पत्रात लिहिले होते. पुढे बावीस वर्षे मी ते शिकवले.

पण आधी बाळगोंडांना सांगायचे होते, आणि त्याला मी पाच दिवस लावले. ते माझ्या वॉर्डात परत यायची वाट बघते आहे, असे मी स्वतःला सांगत होते. आले तेव्हा त्यांच्याजवळ फक्त सुकुमार होता.

"आई कुठं आहेत?" मी विचारले.

"गावी पाठवलं," सुकुमार म्हणाला. "कागद लिहून दिल्यावर कुठल्या तोंडानं ठेवायची? चुलत्यांना कळलं, सगळ्या गावात झालं. आमच्यात दिवस मावळल्यावर कुणी अन्नाला शिवत नाही. आणि हिनं डॉक्टरांनी नको म्हटलेलं नवऱ्याच्या तोंडात घातलं! लोक हसताहेत. माझी बायको म्हणते, दोन महिने माहेरी जाऊ द्यात त्यांना." तो माझ्याकडे वळला. "तुम्ही होता म्हणून कळलं, सिस्टर. नाही तर आम्ही बापाला घालवून बसलो असतो."

मी दार लावून घेतले आणि त्याला सगळे सांगितले. सकाळची मागे पडणारी बाटली, दुपारी दीडचे चाक, चारचा ठोका. सांगताना मी खाटेच्या कठड्याला धरले होते. सुकुमारचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. आईला काय-काय बोलला होता ते त्याला आठवत असावे.

"तुम्ही माझ्या वडिलांना..." तो म्हणाला आणि थांबला. "आणि माझ्या आईकडून सही घेतली. तुम्ही शेजारी सही केली."

"हो."

"गप रं," बाळगोंडा खाटेवरून म्हणाले. "मला म्हाईत हुतं."

आम्ही दोघेही त्यांच्याकडे वळलो.

"तिनं बेदाणं दिलं न्हाईत ह्ये मला म्हाईत असणारच की. तोंड माझं हाय. सही केली म्हंजे तिला आत यायचं असंल, येवढंच. तिथं आत सगळ्या नळ्यांनी बांधल्यालं, बोलायचं कुणाशी? आन् मी भाइर यायच्या आत हा गडी आईला गावाकडं पाठवून मोकळा." त्यांनी दम घेतला. "आन् शिस्टर, चाकाचं बी म्हाईत हुतं. तुम्ही दुपारी येऊन ते फिरवलं की घटकाभरानं छातीत धडधड सुरू व्हायची. तहान तर अशी की हिरीत उडी टाकावी वाटायचं. रोज."

"मग मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. आज विचार केला की लाज वाटते, पण तेव्हा मी खरोखर त्यांच्यावर चिडले होते. "एका शब्दानं बोलला असतात तर!"

"कसं बोलू?" ते म्हणाले. "तुम्ही जेवाण वाढताय. वाढणाऱ्याला हात आखडता घे म्हणायचं? मला वाटलं, बाई मायेनं जास्त घालतीया. म्हातारा लवकर उभा ऱ्हावा म्हणून."

मी तिथे थांबू शकले नाही. औषधांच्या खोलीत जाऊन कडी लावली आणि बाहेरून आया हाका मारत राहिली तरी उघडली नाही.

सुकुमार त्याच दिवशी गावी गेला. आईला परत आणताना त्याने काय सांगितले, माफी मागितली की नाही, ते मला माहीत नाही. पद्माक्का दुसऱ्या दिवशी आठ वाजता आली, नेहमीच्या स्टुलावर बसली आणि बाटलीकडे बघत ओठ हलवू लागली. मी तिच्यासमोर उभी राहून म्हणाले, "आक्का, माझी चूक झाली."

ती णमोकार पुरा होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सुकुमार बोलला," आणि पुन्हा सुरू केला. मी तिच्याकडून आणखी काही ऐकायला उभी होते, पण त्यापुढे ती या विषयावर कधीच बोलली नाही. चांगलेही नाही, वाईटही नाही. मला वाटते, तिला माझ्या मनाचे ओझे उतरवण्याची घाई नव्हती, आणि का असावी?

जोड भरला. सव्वीसाव्या दिवशी डॉक्टरांनी तोंडाने सुरू करायला सांगितले. पातळ भाताची पेज, चिमूटभर मीठ, चार चमचे. वाटी घेऊन मीच गेले. सुकुमारने वडिलांना टेकवून बसवले होते, कवळी घालून झाली होती, पांढरा टॉवेल गळ्याशी होता. सव्वीस दिवसांनंतरचा पहिला घास. मी वाटी पद्माक्कापुढे धरली.

"तुम्ही भरवा, आक्का."

तिने वाटीकडे पाहिले, हात पुढे केला नाही. "तुमीच भरवा," ती म्हणाली. "मी बघती."

मी स्टूल ओढून बसले. पाव चमचा घेतला. गरम तर नाही ना, म्हणून मनगटावर थेंब टाकून पाहिला. चमचा त्यांच्या ओठांपाशी नेला तेव्हा तो इतका हलत होता की पेज टॉवेलवर सांडली. दुसरा चमचा भरला. तोही हलत होता. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझा हात कधी कापला नव्हता.

बाळगोंडांनी चमचा पोचायच्या आत माझे मनगट दोन बोटांनी धरले.

"सावकाश होऊ द्या, शिस्टर," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडले.